स्लीप स्टडीची फाईल संशोधकांना द्यावी का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात स्लीप स्टडी (रात्रभराची झोप यंत्रांनी नोंदवायची तपासणी) म्हणजे काय ते लिहिलं, तर घोरण्याबद्दल पत्रं कमीच आली आणि त्या दुसऱ्या फॉर्मबद्दलच जास्त, म्हणजे तपासणीच्या वेळी हातात देतात तो, "तुमचा डेटा संशोधनासाठी वापरायला हरकत नाही ना" वाला. म्हणून यावेळी तेवढंच घेतलंय. मी स्लीप लॅबमध्ये रेकॉर्डिंगचं स्कोअरिंग (बघून झोपेचे टप्पे ठरवायचं काम) करते, डॉक्टर नाही आणि वकील तर नाहीच नाही, तेव्हा गोळ्यांचे आणि कोर्टाचे प्रश्न त्या त्या माणसाला विचारा प्लीज.

नाशिकहून एक वाचक : ताई, आमच्या ह्यांची (वय ५४) स्लीप स्टडी झाली, एएचआय ३८ आला. हॉस्पिटलने अजून एक इंग्रजी फॉर्म दिलाय, त्यात रेकॉर्डिंग आणि "क्लिनिकल माहिती" संशोधकांना द्यायची परवानगी मागितलीये. मुलगा म्हणतो अजिबात सही करू नका, हे म्हणतात त्यात काय एवढं, घोरणंच तर आहे. मी कुणाचं ऐकू?

खरं सांगू का, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. घोरणंच तर आहे असं काही नाही, कारण त्या रात्री मिस्टरांच्या अंगाला ज्या वायरी लावल्या होत्या त्यातून डोक्याचा ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख), डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या आणि पायांच्या स्नायूंचा ताण, ईसीजी, नाकातून येणारी जाणारी हवा, छाती-पोटाच्या पट्ट्यांवरून श्वासाची धडपड, बोटाच्या क्लिपवरून ऑक्सिजन, कुशी बदलणं आणि बहुतेक लॅबमध्ये कॅमेऱ्याचा व्हिडिओ, एवढं सगळं रात्रभर सलग नोंदलं जातं. आम्ही त्याचे ३०-३० सेकंदांचे तुकडे करून बघतो, आठ तासांचे ९६० तुकडे होतात, आणि एकेका तुकड्यावर जागा, हलकी झोप, गाढ झोप, रेम (स्वप्नांची झोप) असा शिक्का मारायचा. एवढं करून रिपोर्टवर उतरतात चार-दोन आकडे, त्यातला एक तुमचा एएचआय ३८, म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३८ वेळा श्वास थांबला किंवा कमी पडला. ३० च्या वर गंभीर धरतात, तेव्हा फॉर्मचं काय व्हायचं ते होऊ दे पण उपचार लांबवू नका.

आता संशोधकाला तो ३८ पुरत नाही, त्याला त्यामागचं रेकॉर्डिंग हवं असतं, आणि का ते एका उदाहरणावरून सांगते. अमेरिकेत १९९५ पासून स्लीप हार्ट हेल्थ स्टडी नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला, चाळिशीच्या वरची ६,४४१ माणसं, त्यांच्या घरीच जाऊन यंत्रं लावून झोप नोंदवली आणि मग पुढे वर्षानुवर्षं कुणाला हार्ट अटॅक आला, कुणाला स्ट्रोक आला हे लिहीत राहिले. रेकॉर्डिंग टाकून न देता जपून ठेवली. पुढे २०१९ मध्ये काही संशोधकांनी तीच जुनी रेकॉर्डिंग परत उघडली (जोडीला वयस्कर पुरुषांच्या अजून एका अभ्यासातली घेतली) आणि श्वास किती वेळा अडकला हे मोजत न बसता प्रत्येक वेळी ऑक्सिजन किती खोल गेला आणि किती वेळ खालीच राहिला ते मोजलं, त्याला हायपॉक्सिक बर्डन म्हणतात, आणि हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचा अंदाज एएचआयपेक्षा या मापाने चांगला आला. ज्यांनी तेव्हा सही केली होती त्यांना या मापाबद्दल कुणी काही सांगितलेलं असणं शक्यच नाही, कारण ते माप तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

पण बघा, हे जमलं ते नुसत्या रेघोट्यांवरून नाही जमलं. त्या माणसाचं वय, वजन, बीपी, सिगारेट, पुढे काय झालं, हे सगळं फाईलसोबत होतं म्हणून जमलं. नुसतं रेकॉर्डिंग कुणाच्या फारसं कामाचं नाही आणि नुसत्या रेकॉर्डिंगवरून तुमच्या मिस्टरांना कुणी सहजासहजी ओळखणारही नाही. ओळखतात ते सोबतच्या माहितीवरून. म्हणजे जे जोडल्याने फाईलला किंमत येते तेच जोडल्याने माणूस उघडा पडू शकतो, सगळी मेख इथे आहे. अमेरिकेतच लताना स्वीनी या संशोधिकेने दाखवून दिलंय की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड एवढ्या तीनच गोष्टींवर तिथली साधारण ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखू येऊ शकतात, आणि नव्वदच्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचीच हॉस्पिटलची नोंद तिने नाव पुसलेल्या डेटातून शोधून काढली होती. तेव्हा मुलाची काळजी अगदीच फुकटची नाही.

तरी मी असते तर सही केली असती, पण वाचून आणि विचारून. आपल्याकडचा डेटा खरंच कमी आहे हो. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक अभ्यास छापला, ३५ ते ६५ वयाच्या अडीचशे पुरुषांची घरी स्लीप स्टडी केली, तर १९.५ टक्क्यांमध्ये श्वासाचा बिघाड सापडला आणि दिवसा पेंग वगैरे लक्षणं धरून ७.५ टक्के. एवढ्या अडीचशे लोकांनी नाकात नळी घालून झोपायची तयारी दाखवली म्हणून निदान मुंबईच्या पुरुषांबद्दल तरी काही बोलता येतं, बायकांबद्दल त्या अभ्यासातून काहीच कळत नाही. आणि बोटाच्या क्लिपचंच घ्या, २०२० मध्ये अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या डेटावरून दिसलं की काळ्या त्वचेच्या पेशंटमध्ये खरा कमी असलेला ऑक्सिजन त्या क्लिपने गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा चुकवला. सगळं गोऱ्या लोकांवरच तपासलं की हे असं होतं.

तर फॉर्म मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे, आयसीएमआरच्या (देशातली वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पेशंटला समजेल अशा भाषेत माहिती द्यावीच लागते आणि नाही म्हटलं म्हणून उपचारात फरक करता येत नाही. मग विचारा की ही परवानगी एकाच अभ्यासासाठी आहे का पुढे कुणीही मागितलं तरी द्यायला, जन्मतारीख जाणार का नुसतं वय, पिनकोड जाणार का, व्हिडिओ जाणार का, नाव आणि कोड नंबर जुळवणारी यादी कुणाच्या ताब्यात असणार, आणि फाईल देशाबाहेर जाणार असेल तर त्याची मंजुरी घेतलीये का (परदेशी संस्थेबरोबरच्या कामाला आरोग्य मंत्रालयाची वेगळी स्क्रीनिंग कमिटी असते). फॉर्मच्या तळाशी एथिक्स कमिटीचा (संशोधन नीट, पेशंटचा मान राखून होतंय ना हे बघणारी समिती) फोन असायला हवा. नसेल तर सही नको, साधी गोष्ट आहे. आणि या प्रश्नांवर समोरचा माणूस वैतागला तर तेही एक उत्तरच समजा.

कोल्हापूरहून एक वाचक : मला व्हिडिओचंच टेन्शन आहे. गाऊनवर झोपले होते, वायरी लावलेल्या, तोंड उघडं, झोपेत बडबडतेसुद्धा मी. हे कुठे कुठे फिरणार?

व्हिडिओला सरळ नाही म्हणा. बिनधास्त. बाकीच्याला हो आणि व्हिडिओला नाही असं म्हणता येतं, फॉर्मवर वेगळा रकाना नसेल तर हाताने लिहा "व्हिडिओ व आवाज वगळून" आणि तिथेच सही करा, त्यांच्याही सहीसकट. ईईजीवरून नाव काढून टाकता येतं, चेहऱ्यावरून कसं काढणार, आणि चेहरा धूसर केला तरी आवाज राहतोच. तुमच्या डॉक्टरला मात्र तो व्हिडिओ लागू शकतो हं, झोपेत हातपाय झाडणं, फिट येणं, उठून चालणं हे सगळं त्यावरूनच पक्कं होतं, म्हणून तपासणीत कॅमेरा बंद करा म्हणून भांडू नका. भांडायचं ते बाहेर जाण्यावरून. झोपेच्या टप्प्यांच्या अभ्यासाला व्हिडिओ लागतही नाही, स्लीप-ईडीएफ म्हणून जगभर वापरतात तो संग्रह नुसत्या सिग्नलचा आहे, त्यात व्हिडिओ नाहीच आणि त्यावर ढिगाने संशोधन झालंय.

ठाण्याहून एक वाचक : संशोधनाला डेटा दिला तर मेडिक्लेम कंपनीला कळेल का? प्रीमियम वाढवतील.

कंपनीला कळतं ते तुमच्याच प्रपोजल फॉर्मवरून आणि क्लेमच्या कागदांवरून. संशोधकांच्या कोड नंबर घातलेल्या फाईली चाळत बसण्याची त्यांना गरजच पडत नाही. उलट स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा आजार) निघालेला असताना नवी पॉलिसी घेताना लपवलात तर पुढे क्लेम अडकण्याची भीती त्यातच जास्त आहे, तेव्हा लिहून टाका, आधीच्या आजाराचा वेटिंग पिरियड आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. फॉर्ममध्ये डेटा "संबंधित कंपन्यांना" देऊ असं मोघम वाक्य असेल तर मात्र कोणत्या कंपन्या ते नावानिशी विचारा.

पुण्याहून एक विद्यार्थी : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट आहे एआय वापरून झोपेचे टप्पे ओळखण्याचा. ओळखीच्या एका टेक्निशियन दादाने पेन ड्राईव्हवर तीस-एक पेशंटच्या ईडीएफ फाईली दिल्यात, म्हणाला नावं काढलीयेत. वापरू ना?

नको वापरूस. आणि वर्गातल्या ग्रुपवर तर चुकूनसुद्धा टाकू नकोस.

आधी एक कर, त्यातली एक फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघड. पुढची सगळी अगम्य चिन्हं दिसतील पण अगदी सुरुवातीचा भाग वाचता येईल. ईडीएफ हा असली रेकॉर्डिंग साठवायचा फॉरमॅट १९९२ चा आहे, त्यात फाईलच्या सुरुवातीलाच ८० अक्षरांची जागा पेशंटच्या ओळखीसाठी आणि पुढची ८० रेकॉर्डिंगच्या ओळखीसाठी ठेवलेली असते, मग तारीख आणि वेळ. दादाने बहुतेक फक्त फाईलचं नाव बदललं असणार, आतलं नाव, हॉस्पिटलचा नंबर, जन्मतारीख तशीच असेल, हे सर्रास होतं. शिवाय ईडीएफ-प्लस (त्याचीच पुढची आवृत्ती) असेल तर नोंदींचा एक वेगळा चॅनल असतो ज्यात आम्ही रात्री टाइप करतो की अमुक काकू बाथरूमला गेल्या, तमुक डॉक्टरांना फोन केला. म्हणजे वरचं नाव पुसलं तरी काकू आत आहेतच. हे साफ करायला ईडीएफ-ब्राउझर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, हाताने खोडायला जाऊ नकोस कारण ८० म्हणजे मोजून ८० अक्षरं लागतात, एक इकडेतिकडे झालं की फाईल उघडतच नाही.

पण खरा मुद्दा नाव पुसण्याचा नाहीच. त्या तीस जणांना कुणी विचारलंय का? टेक्निशियनला ती फाईल द्यायचा अधिकार नाही, तो त्याच्या घरचा डेटा नाही. प्रोजेक्टसाठी हॉस्पिटलचाच डेटा हवा असेल तर तुझ्या गाइडने आणि तिथल्या डॉक्टरने मिळून एथिक्स कमिटीकडे अर्ज करायचा, जुन्या रेकॉर्डिंगसाठी कधीकधी कमिटी प्रत्येकाची नवीन सही माफही करते, पण ते कमिटीने ठरवायचं, दादाने नाही. तो पेन ड्राईव्ह परत दे आणि लॅपटॉपवर कॉपी असेल ती उडव.

आणि तुला गरजच नाहीये रे. फिजिओनेट नावाच्या वेबसाईटवर तो वर सांगितलेला स्लीप-ईडीएफ संग्रह कुणालाही डाउनलोड करता येतो, वाढवलेल्या आवृत्तीत १९७ रात्री आहेत, त्यातल्या १५३ निरोगी माणसांच्या, वय २५ पासून १०१ पर्यंत, आणि माणसाने लावलेले टप्पेही सोबत आहेत. त्या १५३ मध्ये बहुतेकांच्या दोन दोन रात्री आहेत, तेव्हा एकाच माणसाची एक रात्र शिकवायला आणि दुसरी तपासायला असं होऊ देऊ नकोस, माणसं वाटून घे, रात्री नाही, नाहीतर मॉडेल माणूस ओळखायला शिकेल आणि तुला वाटेल झोप ओळखतंय. ९५ टक्के अचूकता आली तर नाचू नकोस, आधी शंका घे, कारण आम्हा स्कोअर करणाऱ्या माणसांचंच एकमेकांशी साधारण ८३ टक्के जुळतं. यापेक्षा मोठं हवं असेल तर अमेरिकेचं नॅशनल स्लीप रिसर्च रिसोर्स आहे, २०१४ पासून, वर नाशिकच्या ताईंना सांगितलेल्या अभ्यासातली हजारो रेकॉर्डिंग तिथे मिळतात, बीपी-वजनासकट. पण तिथे खातं काढून अर्ज करावा लागतो, कशासाठी हवंय ते लिहायचं, आणि करारावर सही करायची की मी कुणाला ओळखायचा प्रयत्न करणार नाही आणि दुसऱ्याला फाईल देणार नाही. तो करार पूर्ण वाच. मराठी मुलांना करार न वाचता ॲग्री दाबायची सवय आहे (मुलांनाच कशाला, सगळ्यांनाच).

सांगलीहून एक वाचक : दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला मी माझं पूर्ण रेकॉर्डिंग मागितलं तर लॅबने दोन पानी पीडीएफ दिली. अख्खी फाईल मागू शकतो का?

मागा की. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे पेशंटने कागद मागितले तर ७२ तासांच्या आत द्यायचे असतात, तेव्हा लेखी अर्ज करा. नुसतं "रेकॉर्डिंग द्या" लिहू नका, कारण लॅबचं सॉफ्टवेअर आपल्याच फॉरमॅटमध्ये साठवतं आणि ते दुसरीकडे उघडत नाही, "ईडीएफमध्ये एक्स्पोर्ट करून, स्कोअरिंगसह द्या" असं स्पष्ट लिहा आणि पेन ड्राईव्ह स्वतःचा न्या. लवकर मागा, बऱ्याच लॅब जागा भरली की जुनं उडवतात. सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन) वापरत असाल तर त्या मशिनच्या कार्डवरही रोजचा बराच तपशील असतो, तो ऑस्कर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घरी बघता येतो, फक्त त्याचे फोटो फेसबुकच्या ग्रुपवर टाकताना नाव आणि मशिनचा नंबर झाका.

न्यू जर्सीहून एक वाचक : माझी स्लीप स्टडी इथे झाली आणि मी रिसर्चला हो म्हटलं. त्यांना त्यात काही गंभीर सापडलं तर मला कळवतील का?

बहुतेक नाहीच. तुमच्याकडे पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हिपा कायदा आहे, त्यात ओळख पुसायची एक पद्धत म्हणजे ठरलेल्या १८ गोष्टी काढायच्या, नाव, फोन, ईमेल, तारखा (वर्ष सोडून), अगदी ८९ च्या वरचं वयसुद्धा आकड्यात लिहायचं नाही. एकदा हे केलं की फाईल उघडणाऱ्या संशोधकाला तुम्ही कोण हे कळायची सोयच उरत नाही, मग कळवणार कुणाला.

तुम्ही "काही गंभीर" म्हणालात म्हणून थोडं जास्त लिहिते, कारण हा प्रश्न आता खराच उभा राहतोय. रेम झोपेत आपलं अंग एरवी ढिलं पडलेलं असतं, काहींचं पडत नाही आणि ते स्वप्नात बघतात ते हातापायांनी करायला लागतात, बायकोला लाथ बसते, पलंगावरून पडतात. त्याला रेम स्लीप बिहेविअर डिसऑर्डर म्हणतात. जगभरच्या २४ केंद्रांमधल्या १,२८० अशा पेशंटचा डेटा एकत्र करून २०१९ मध्ये छापलं गेलं की बारा वर्षांत त्यातल्या जवळपास ७३ टक्क्यांना पार्किन्सन्स किंवा डिमेन्शियाच्या जातीचा आजार होतो, असा अंदाज निघतो. त्यानंतर स्टॅनफोर्ड विद्यापीठाच्या लोकांनी सुमारे ६५,००० माणसांच्या ५ लाख ८५ हजार तासांच्या रेकॉर्डिंगवर एआय शिकवून एका रात्रीवरून १३० आजारांचा धोका वर्तवायचा प्रयत्न केलाय. हे गटाबद्दलचे अंदाज आहेत, एका माणसाचं भविष्य नाही, पण तुमची फाईल अशा कशात गेली आणि तिथे तुमच्या कोड नंबरसमोर लाल खूण आली तर? पार्किन्सन्स थांबवणारं औषध अजून नाही. मग कळून काय करणार, आणि न कळवणं बरोबर का? माझं स्वतःचं मत असं की सही करतानाच "असं काही सापडलं तर मला कळवा / कळवू नका" हा पर्याय द्यायला हवा, आणि ज्या अभ्यासात नाव जुळवणारी यादी ठेवलेली असते तिथे तो देता येतोच. तुमच्या फॉर्मची कॉपी काढून तेवढं वाक्य बघा. आणि झोपेत लाथा मारत असाल तर संशोधकांच्या फोनची वाट बघू नका, सरळ न्यूरॉलॉजिस्ट गाठा.

छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक : मुलीची (वय ९) टॉन्सिलच्या ऑपरेशनच्या आधी स्लीप स्टडी झाली, तेव्हा घाईत मी रिसर्चच्या फॉर्मवर सही केली. आता नको वाटतंय. मागे घेता येईल?

येईल, आणि कारण सांगायची गरज नाही. पण काय परत येतं आणि काय नाही ते समजून घ्या. हॉस्पिटलमध्ये जे आहे आणि अजून बाहेर गेलेलं नाही ते थांबवता येतं. कोड घालून एखाद्या संशोधकाला दिलेलं असेल आणि यादी शिल्लक असेल तर त्याला काढायला सांगता येतं. पण ओळख पूर्ण पुसून मोठ्या संग्रहात मिसळलं असेल किंवा निकाल छापून झाला असेल तर ते कुणालाच वेगळं काढता येत नाही, तिथे तुमची मुलगी कुठली हेच कुणाला माहीत नसतं, जे एका परीने बरंच आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घ्यायचा हक्क आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बराचसा भाग टप्प्याटप्प्याने लागू होतोय, मात्र संशोधनाला त्याच कायद्यात काही अटींवर सूट आहे, म्हणून कायद्याचा धाक घालण्यापेक्षा एथिक्स कमिटीला पत्र लिहिणं जास्त कामाचं.

अजून एक, मुलगी ९ वर्षांची आहे म्हणजे तिलाही तिच्या भाषेत सांगून तिचा होकार घ्यायला हवा होता, आयसीएमआरच्या सूचनांप्रमाणे सात वर्षांपुढच्या मुलांना विचारायचं असतं, नुसती आईवडिलांची सही पुरत नाही. तिला कुणी विचारलं नसेल तर तेही पत्रात लिहा. पत्र कमिटीच्या सचिवांच्या नावे, कॉपी डॉक्टरांना, त्यात स्टडीची तारीख आणि मुलीचा रजिस्ट्रेशन नंबर, आणि तीन गोष्टी मागा, आत्तापर्यंत फाईल कुणाकुणाला दिली ते लेखी कळवावं, यापुढे देऊ नये, आणि जिथून काढता येईल तिथून काढावी. तिच्या उपचाराची मूळ फाईल मात्र उडवा म्हणू नका, ऑपरेशननंतर परत स्टडी करायची वेळ आली तर डॉक्टरांना आधीची लागेल. पोच शिक्क्यासकट घ्या.